जुने लष्करी समारंभी गणवेश आणि टोप्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक कोटांचे, टोप्यांचे, कधी नुसत्या बटणांचे फोटो पाठवून विचारत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समारंभी गणवेश म्हणजे नेमका कोणता? सैनिकाचा कुठलाही जुना कपडा त्यात येतो का?

नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या एका अधिकाऱ्याकडे तीन-चार तरी वेगवेगळे पोशाख असत. संचलनाला आणि दरबारी प्रसंगांना फुल ड्रेस, रोजच्या कामाला साधा अनड्रेस, रात्रीच्या जेवणाला मेस ड्रेस म्हणजे कमरेपर्यंतचं आखूड जॅकेट आणि आत वेस्टकोट, आणि मोहिमेवर निघताना आणखी वेगळा. संग्राहक 'समारंभी' म्हणतात तेव्हा फुल ड्रेस आणि मेस ड्रेस हे दोन डोळ्यांसमोर असतात.

ब्रिटिश सैन्यात १९०२ साली खाकी सर्व्हिस ड्रेस आला. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि रंगीत फुल ड्रेस बहुतेक पलटणींच्या अंगावरून उतरला तो उतरलाच. पुढे तो नियमाने राहिला तो राजवाड्याच्या पहाऱ्यावरच्या गार्ड्सकडे, राजाच्या घोडदळाकडे आणि बँडवाल्यांकडे. फ्रेंच सैनिक १९१४ साली लाल विजारीत लढायला गेले आणि १९१५ साली फिक्या निळ्या गणवेशात आले. म्हणून या छंदात १९१४ हे साल सीमेच्या दगडासारखं आहे. त्याच्या आधीचे कपडे दिसण्यासाठी शिवलेले होते, नंतरचे लपण्यासाठी.

२. किती जुना असला की 'अँटिक' म्हणायचं?

शंभर वर्षं, हा सर्वसाधारण संकेत. कायद्यातली व्याख्या देशागणिक बदलते, त्यामुळे वस्तू सीमेपलीकडे न्यायची असेल तर आधी प्रश्न १६ वाचा.

३. सुरुवात कोटापासून करू की टोपीपासून?

टोपीपासून करा, पण एक अट घाला: विषय लहान ठेवा. 'लष्करी टोप्या' हा विषय नाही, तो समुद्र आहे. एकच पलटण, किंवा एकाच देशाचा तोफखाना, किंवा फक्त १८५५ ते १८८१ हा काळ. विषय लहान असला की पन्नासएक वस्तू हाताळल्यावर डोळा तयार होतो आणि चुकीची वस्तू लांबूनच खटकायला लागते. जो सगळंच घेतो त्याचा डोळा कधीच तयार होत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

टोपी सुचवण्याचं कारण असं की ती जागा कमी घेते आणि एकटी पूर्ण असते. कोट घेतला की पट्टा, विजार, खांदपट्ट्या यांचा शोध सुरू होतो आणि घाईत भलत्याच गोष्टी त्याला जोडल्या जातात. त्याचे परिणाम प्रश्न ९ मध्ये आहेत.

४. टोप्यांची नावं ऐकून गोंधळ होतो. शाको, बझबी, बेअरस्किन यात फरक काय?

शाको म्हणजे पुढे झापड असलेली, नळकांड्यासारखी ताठ टोपी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ती जवळजवळ सगळ्या सैन्यांनी वापरली. ब्रिटिश पायदळात १८४४ चा 'आल्बर्ट' शाको पुढेमागे दोन्हीकडे झापड असल्यामुळे लगेच ओळखू येतो. १८७८ साली त्यांनी शाको सोडून कापडाने मढवलेलं टोकदार 'होम सर्व्हिस' हेल्मेट घेतलं.

बेअरस्किन ही अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, ग्रेनेडियर (मूळचे हातबॉम्ब फेकणारे शिपाई) आणि गार्ड्सची. बझबी तिच्याहून बुटकी, तीही केसाळ, पण मूळची हंगेरीच्या हुसार घोडेस्वारांची. माथ्यावरून एका बाजूला लोंबणारी रंगीत कापडी पिशवी ही तिची खूण. चापका ही भालाइतांची टोपी, मूळ पोलंडची, माथा चौकोनी. केपी ही फ्रेंचांची, मऊ आणि पुढे कललेली. ग्लेनगॅरी ही स्कॉटिश, होडीसारखी घडी होणारी, मागे दोन फिती. पिकेलहाउबे म्हणजे जर्मनांचं अणीदार चामडी शिरस्त्राण. त्यावर इतके प्रश्न येतात की त्याला वेगळी जागा दिली आहे (प्रश्न ८).

५. वस्तू हातात आली की सर्वांत आधी काय बघायचं?

आतली बाजू. सगळे छाती बघतात, जर बघतात, बटणं बघतात. तुम्ही कोट उलटा करा.

माझ्याकडे पायदळातल्या एका अधिकाऱ्याचा किरमिजी कोट आहे. बाहेरून तो विटकरीकडे झुकला आहे, खांद्यावर तर गुलाबीच दिसतो. कॉलर वर उचलली की खाली दोन बोटं रुंदीची पट्टी दिसते, ती आज रंगवल्यासारखी लालभडक. त्या पट्टीपर्यंत उजेड कधी पोचलाच नाही. काखेत अस्तर घामाने पिवळं पडून कडक झालं आहे. उजव्या बाहीचं कापड मनगटापाशी डाव्यापेक्षा जास्त झिजलं आहे, म्हणजे माणूस उजव्या हाताने लिहिणारा असावा. अशी झीज खोटी करता येत नाही असं नाही, पण ती अचूक जागी, एकमेकींशी जुळणारी करणं फार कठीण आहे. नकली वस्तूवर झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती एका दिवसात केलेली असते.

मग कापड बघा. जुना समारंभी कोट चांगल्या बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा असतो. ही बनात इतकी घट्ट कुटलेली असते की कापलेली कड उसवत नाही, म्हणून त्या काळच्या अनेक कोटांच्या कडा न दुमडता तशाच सोडलेल्या दिसतात. नवीन नकलेत कापड पातळ असतं, शिंप्याला कड दुमडावीच लागते. हे एकदा बोटांना कळलं की विसरत नाही.

रंगाचंही बघा. ब्रिटिश सैन्यात १८७० च्या दशकापर्यंत साध्या शिपायाचा लाल आणि अधिकाऱ्याचा लाल एक नव्हता. शिपायाचा मंजिष्ठाचा, जरा तपकिरीकडे जाणारा. अधिकारी आणि सार्जंट यांचा कोचिनील किड्यापासून काढलेला झगझगीत किरमिजी.

सगळ्यात शेवटी आतला खिसा. अधिकारी आपले कपडे स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून शिवून घेत, त्यामुळे तिथे शिंप्याची चिठ्ठी असते आणि तिच्यावर शाईने गिऱ्हाइकाचं नाव, बरेचदा तारीखही. शिपायाच्या कोटाला चिठ्ठी नसते, अस्तरावर शिक्का असतो. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकाची खूण आणि सोबत माप, साल. प्रशियन, म्हणजे जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या, कोटात पलटणीचा, कंपनीचा आणि सालाचा शिक्का.

६. बटणांवरून काळ कसा ओळखायचा?

बटण हा बहुतेक वेळा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असतो. ब्रिटिश पायदळातल्या अधिकाऱ्यांच्या बटणांवर १८८१ पर्यंत पलटणीचा क्रमांक असे, शिपायांच्या बटणांवरून तो १८७१ सालीच गेला. १८८१ साली युद्धमंत्री चिल्डर्स यांच्या लष्करी सुधारणा झाल्या, क्रमांक जाऊन परगण्यांची नावं आली आणि बटणंही बदलली. त्याच वेळी कॉलर आणि बाहीच्या पट्ट्यांचे रंगही ठरवून दिले: 'रॉयल' पलटणींना निळा, इंग्लंड आणि वेल्सच्या पलटणींना पांढरा, स्कॉटलंडला पिवळा, आयर्लंडला हिरवा. इथे अपवाद आहे. काही पलटणींनी भांडून आपले जुने रंग परत मिळवले. 'बफ्स' नावाच्या पलटणीला तिचा पिवळट चामडी रंग १८९० साली परत मिळाला. म्हणजे १८८१ नंतरच्या कोटावर 'चुकीचा' रंग दिसला तर लगेच नकली ठरवू नका, त्या पलटणीचा इतिहास बघा.

बटणाची पाठही बघा. तिथे बनवणाऱ्याचं नाव आणि अनेकदा पत्ता असतो. कारखाने जागा बदलत, भागीदार बदलत, त्यामुळे नाव-पत्त्याच्या जोडीवरून काळ बराच आवळता येतो.

लंडनच्या फूट गार्ड्सची, म्हणजे राजाच्या पायदळी रक्षक पलटणींची बटणं तर नुसती मोजून पलटण सांगता येते. ग्रेनेडियर गार्ड्सची एकेक, समान अंतरावर. कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या जोडीत. स्कॉट्स तीन-तीन, आयरिश चार-चार, वेल्श पाच-पाच. टोपीवरच्या तुऱ्याशी ताळा जुळवा: ग्रेनेडियर डावीकडे पांढरा, कोल्डस्ट्रीम उजवीकडे लाल, स्कॉट्सना तुराच नाही, आयरिश उजवीकडे निळा, वेल्श डावीकडे पांढरा-हिरवा-पांढरा. कोट एका पलटणीचा आणि टोपी दुसऱ्या पलटणीची अशा जोड्या मी 'पूर्ण संच' म्हणून विकायला ठेवलेल्या पाहिल्या आहेत.

७. बिल्ल्यावरचा मुकुट बघून राजा की राणी हे कळतं म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या मुकुटाची कमान माथ्यावर पसरट आणि मध्ये दबलेली. १९०१ साली एडवर्ड सातवे गादीवर आल्यानंतर गोलाकार, फुगीर कमानीचा 'ट्यूडर' मुकुट आला आणि सहाव्या जॉर्जपर्यंत चालला. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात पुन्हा मध्ये दबलेला 'सेंट एडवर्ड' मुकुट.

फसगत दोन ठिकाणी होते. एक, एलिझाबेथचा मुकुट घाईत बघितला तर व्हिक्टोरियाचा वाटतो. दोन, २०२२ साली तिसऱ्या चार्ल्सनी पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला, त्यामुळे अगदी नवीन बिल्ला शंभर वर्षं जुन्यासारखा दिसू शकतो. मुकुटावरून काळाची वरची-खालची मर्यादा कळते, अस्सलपणा कळत नाही. मूळ साच्यातून आज काढलेल्या बिल्ल्यावरही मुकुट बरोबरच असतो. तिथे काठ बघा, कोपऱ्यांत मळ आणि पॉलिशची पांढरी पूड साचली आहे का बघा, आणि मागची कडी किंवा पट्टी कशी डाखली आहे ते बघा.

८. पिकेलहाउबे घ्यायची इच्छा आहे. अस्सल कशी ओळखू?

प्रशियात ती १८४२ साली आली, फ्रेडरिक विल्यम चौथ्याच्या कारकिर्दीत. सुरुवातीची उंच, पुढे दर नमुन्यात बुटकी होत गेली. एवढ्यावरूनच ढोबळ काळ कळतो.

समोरचा पत्रा काढून बघण्याची परवानगी मागा. पत्र्यामागे दोन कड्या असतात आणि त्या चामड्याला पाडलेल्या दोन भोकांतून आत जातात. भोकं दोनाच्या ऐवजी चार असतील तर पत्रा बदललेला आहे, किंवा शिरस्त्राण आधी जर्मन साम्राज्यातल्या वेगळ्या राज्याचं होतं. पत्र्याखालचं चामडं बाहेरच्यापेक्षा काळं आणि चकचकीत हवं, पत्र्याची सावली त्यावर उमटलेली हवी. दोन बाजूंना गोल रंगीत चकत्या असतात, एक राज्याची आणि उजवीकडची काळी-पांढरी-लाल साम्राज्याची. साम्राज्याची चकती १८९७ साली आली. त्याआधीच्या नमुन्यावर ती दिसली तर ती नंतर बसवलेली आहे. सैनिकांना तेव्हा तसा हुकूमच होता, त्यामुळे हा दोष नाही, वस्तूचं आयुष्य आहे. अधिकाऱ्याच्या शिरस्त्राणावर अणीच्या बैठकीचे खिळे चांदणीच्या आकाराचे असतात, शिपायाचे साधे गोल. प्रशियन तोफखान्याला अणीऐवजी गोळा.

आता अपवाद. 'चामड्याची नाही म्हणजे नकली' असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे चामडं मिळेना, तेव्हा नमदा आणि पत्र्याचीही शिरस्त्राणं निघाली. १९१५ च्या नमुन्यात पितळेऐवजी करडा धातू आला आणि अणी काढता येण्याजोगी झाली. हे कारखान्यातलेच, खरे बदल आहेत.

९. कोट अस्सल आहे, पण बटणं किंवा खांदपट्ट्या दुसऱ्या आहेत असं कळलं. परत करू का?

आधी विचारा: बदल केव्हा झाला? सैनिकाची बढती झाली, बदली झाली, राजा बदलला, तर कोट तोच राहायचा आणि त्यावरच्या गोष्टी बदलायच्या. बाहीवरची जुनी वेलबुट्टी उसवून नवीन लावल्याच्या टाक्यांच्या खुणा, खाली न विटलेल्या कापडाची आकृती, आणि नव्या जरीचंही आता जुनं झालेलं रूप, हे सगळं दिसलं तर तो एका माणसाच्या नोकरीचा चढता आलेख आहे. मला असा कोट 'न बदललेल्या' कोटापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

कुणी विक्रीसाठी रिकाम्या काजांत हाती लागतील ती बटणं बसवली असतील तर ती वेगळी गोष्ट. नवा दोरा, एकाच गठ्ठ्यातला, सगळीकडे सारखा ताणलेला. बटणांच्या आसपास बनातीवर झीज नाही, किंवा झिजलेलं वर्तुळ आहे पण सध्याचं बटण त्याहून लहान आहे. असा कोट घ्यायचाच असेल तर घ्या, पण नोंदीत स्पष्ट लिहा: 'बटणं नंतरची.' आणि कृपा करून स्वतः 'सुधारणा' करू नका. हरवलेलं बटण हरवलेलंच राहू द्या. रिकामी जागा खरं बोलते, भरलेली जागा पुढच्या माणसाला फसवते.

१०. आत शिक्का नाही, चिठ्ठी नाही. म्हणजे नकली?

नाही. अधिकाऱ्यांचे खासगी कपडे सरकारी शिक्क्याविनाच असत. जर्मन शिपायांतही ऐपत असणारे स्वतःच्या खर्चाने चांगला कोट शिवून घेत आणि समारंभाला तो घालत, त्यावरही डेपोचा शिक्का नाही. शिंप्याची चिठ्ठी विक्रीच्या वेळी नाव लपवायला कापलेली असू शकते. चार टाक्यांच्या खुणा शिल्लक दिसतात का बघा. उलट, फार ठळक, फार वाचता येणारा शिक्का दिसला तर मी जास्त सावध होते. अस्तरावरची शाई शंभर वर्षांत धाग्यात पसरलेली असते.

११. नाटक-सिनेमाच्या वापरातला कपडा कसा ओळखायचा?

इथे एक गुंता आहे. फुल ड्रेस बंद झाल्यावर अस्सल गणवेश ढिगाने नाटकवाल्यांच्या भांडारांत गेले आणि तिथे अनेक वर्षं वापरले गेले. म्हणजे कोट १८९० चा आणि त्यावरचे आकडे, हूक, सैल केलेल्या शिवणी नंतरच्या, असं होऊ शकतं. कॉलरच्या आत रंगभूषेचा तेलकट पट्टा असतो, नटाच्या नावाची फीत असते.

पूर्ण नवा शिवलेला कपडा मात्र साहित्यावरून सापडतो. काही तारखा पाठ असू द्या. शिवणयंत्र सर्रास वापरात आलं १८५० नंतर, त्यामुळे नेपोलियनच्या काळचा म्हणवणारा कोट यंत्राने शिवलेला असेल तर विषय संपला. रासायनिक रंगांची सुरुवात १८५६ ची. पॉलिएस्टर दुसऱ्या महायुद्धानंतरचं. सोनेरी दिसणारी पण हलकी, कधीच न काळवंडणारी ॲल्युमिनियमची बटणं ब्रिटिश सैन्यात १९५० च्या दशकापासूनची.

अतिनील दिव्याखाली आधुनिक दोरा निळसर पांढरा चमकतो, कारण त्यात उजळवणारी रसायनं असतात. पण ही कसोटी एकतर्फी आहे. अस्सल जुना कपडा कुणी नव्या साबणाने धुतला असेल तर तोही चमकेल. उलट न चमकणारा कृत्रिम दोराही मिळतो. शिवणीच्या आतून निघालेला एखादा सुटा धागा जाळून बघता येतो: लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटात चुरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. धागा सुटा असेल तरच. त्यासाठी कापू नका.

१२. कोट मळका आहे. ड्राय क्लीनिंगला देऊ का?

देऊ नका. पाण्याने लाल रंग पांढऱ्या अस्तरात उतरतो, बनात आटते, कॉलरच्या आतला ताठपणा जातो. ड्राय क्लीनिंगच्या यंत्रात जुना रेशमी दोरा आणि जर टिकत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी वडिलांकडून आलेलं हुसार जॅकेट धुलाईला दिलं होतं. परत आलं तेव्हा छातीवरच्या कलाबतूच्या दोऱ्यांचं नुसतं सुती पोट उरलं होतं.

पण खरं कारण आणखी वेगळं आहे. डाग हाही पुरावा असतो. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या समुद्री लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सननी घातलेला कोट ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये आहे, डाव्या खांद्याजवळच्या गोळीच्या भोकासकट. २८ जून १९१४ ला सारायेवोत ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्या अंगावर असलेला निळा कोट व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे, रक्ताच्या डागांसकट आणि त्यांना वाचवण्याच्या धडपडीत कापला गेला तसाच. ते डाग काढले असते तर कापड उरलं असतं आणि तो दिवस धुऊन गेला असता. तुमच्या कोटावरचा डाग इतक्या मोठ्या घटनेचा नसेल, पण तो कुणाचा तरी आहे.

करायचं एवढंच: व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी जोरावर, तोंडाला मऊ जाळी बांधून, जरीपासून लांब. बाकी काम वस्त्र-संवर्धकाचं.

१३. जर काळी पडली आहे. चकचकीत करता येईल का?

चांगली जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची बारीक तार. मुलामा इतका पातळ की पॉलिशच्या एका फटक्यात निघतो आणि खाली पांढरी चांदी उघडी पडते. ती मग आधीपेक्षा लवकर काळी पडते. लिंबू, चिंच, टूथपेस्ट, काहीही लावू नका.

काळं पडण्याचं एक कारण कोटातच आहे. लोकरीत गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळवंडते. घडी करताना जर लोकरीला टेकू नये म्हणून मध्ये आम्लरहित कागद घाला. काळेपणा थांबवता येत नाही, पण त्याची चाल मंद होते. पितळी बटणांभोवती काजांत जमलेली पांढरी पूडही खरवडू नका. सैनिक बटणाखाली पट्टी सरकवून रोज पितळ घासत, ती त्या घासण्याची उरलेली खूण आहे.

१४. कसर लागली आहे. डांबरगोळ्या ठेवल्या तर चालेल?

डांबरगोळ्यांनी वास लागतो, माणसाच्या फुप्फुसाला त्रास होतो, आणि कपाट पूर्ण बंद नसेल तर कसर मरतही नाही. त्या नकोत.

कपडा खाते ती पतंगाची अळी. तिला लोकर, नमदा, पिसं, केस हवे असतात, सुती अस्तर नको. म्हणून बरेचदा कोट बाहेरून जाळीदार आणि आतून धड दिसतो. घाम आणि अन्नाचे डाग तिला जास्त आवडतात, त्यामुळे काख, कॉलर आणि छाती आधी तपासा. भोकाच्या कडेला वाळूसारखे कण आणि रेशमी कोष दिसले तर अळी अजून आत आहे.

उपाय थंडीचा. कोट आम्लरहित कागदात गुंडाळून जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढा, चिकटपट्टीने पक्की बंद करा. उणे २० अंशांवर किंवा त्याहून खाली पूर्ण दोन आठवडे. घरचे फ्रीझर साधारण उणे १८ पर्यंत जातात, तिथे आणखी एक-दोन आठवडे वाढवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर ओल थेट कापडावर बसते. लाखरोगण दिलेलं चामडं, हाड, शिंपला, रंगवलेला पत्रा असलेल्या टोप्या मात्र फ्रीझरमध्ये घालू नका. त्यांना वेगळ्या पिशवीत ठेवून संवर्धकाला विचारा.

१५. ठेवायचं कसं? आणि टोपीच्या आतलं चामडं लाल भुकटी होऊन पडतंय, त्याचं काय?

कोट शक्यतो आडवा, मोठ्या खोक्यात, बाह्यांत आणि घड्यांत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या भरून. जड जरीचा कोट टांगला तर स्वतःच्या वजनाने खांद्यांत फाटतो. टांगायचाच असेल तर हँगर कापूस आणि धुतलेल्या मांजरपाटाने खांद्याच्या आकाराचा जाड करा. धुलाईवाल्याची प्लास्टिक पिशवी ताबडतोब काढा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे स्थिर. प्रकाश संग्रहालयात ५० लक्सवर (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात, म्हणजे डोळ्यांना अंधुकच. एकदा उडालेला रंग परत येत नाही. भिंतीवर काचेत कायमचा कोट टांगण्याची हौस असेल तर फोटो टांगा.

टोपी तिच्या कडेवर कधी उभी करू नका, आतून आधार द्या. मूळ पत्र्याचा डबा मिळाला असेल तर जपा, त्यावरच्या पितळी पट्टीवर मालकाचं नाव असतं.

लाल भुकटी हा चामड्याचा रोग आहे. झाडांच्या सालीने कमावलेलं जुनं चामडं हवेतल्या प्रदूषणाने आम्लधर्मी होतं आणि कुजतं. तेल, मेण, बुटाचं पॉलिश यांनी ते आणखी काळं आणि ठिसूळ होतं. भुकटी सांडू नये म्हणून आत कागद ठेवा, कमीत कमी हाताळा, आणि पुढचं काम जाणकारावर सोपवा.

हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. हे वस्तूसाठी आहे तसं तुमच्यासाठीही आहे. जुना नमदा बनवताना पाऱ्याचं संयुग वापरत आणि केसाळ, पिसांच्या टोप्यांना किड्यांपासून वाचवायला आर्सेनिक लावत. नंतर हात धुवा, जेवणाच्या टेबलावर काम करू नका, मुलांच्या डोक्यावर टोपी ठेवून फोटो काढू नका. घालून बघण्याचा मोह मोठ्यांनाही होतो. त्या काळची मापं लहान आहेत, आणि जुनी शिवण एका श्वासात उसवते.

१६. हे जवळ ठेवणं, विकणं, परदेशातून मागवणं कायदेशीर आहे का?

तीन गोष्टी वेगळ्या करा.

पहिली, अंगावर घालणं. ब्रिटनमध्ये १८९४ चा युनिफॉर्म्स ॲक्ट परवानगीविना लष्करी गणवेश घालायला मनाई करतो, नाटकासारखे अपवाद सोडून. सैनिक असल्याचा भास निर्माण करणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. जमवणं हा नाही.

दुसरी, चिन्हं. नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे, संशोधन आणि शिक्षण यांना सूट आहे. फ्रान्समध्येही असा गणवेश सार्वजनिक ठिकाणी मिरवणं दंडनीय आहे. त्या काळच्या वस्तूंबद्दल माझं मत स्पष्ट सांगते: या छंदात सर्वाधिक नकला त्याच होतात, आणि ज्याला इतिहासापेक्षा चिन्हाचंच आकर्षण आहे त्याला मी मदत करत नाही.

तिसरी, प्राण्यांचे अवयव. ढोल वाजवणाऱ्याचं बिबट्याचं कातडं, बगळ्याची कलगी, अस्वलाची टोपी यांना १९७३ च्या साइट्स कराराचे, म्हणजे दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम लागू होऊ शकतात. जुन्या वस्तूंना सवलती आहेत, पण कागदावर वय सिद्ध करावं लागतं. माल निघण्याआधी दोन्ही देशांची परवानगी तपासा. शंभर वर्षांवरच्या वस्तू बाहेर न्यायलाही अनेक देशांत परवाना लागतो.

१७. आत नाव सापडलं. त्या माणसाचा शोध कसा घ्यायचा?

ब्रिटिश अधिकारी असेल तर काम सोपं. नेमणुका आणि बढत्या 'लंडन गॅझेट'मध्ये छापल्या जात, आणि 'आर्मी लिस्ट'मध्ये पलटणवार नावं मिळतात. कोटावरचा हुद्दा आणि यादीतलं साल यांची सांगड घातली की बहुतेक वेळा एकच माणूस उरतो. खांद्यांकडेही बघा: ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याचा हुद्दा १८८० पर्यंत कॉलरवर होता, नंतर खांद्यावर आला.

शिपायांच्या बाबतीत मन घट्ट करावं लागतं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या निम्म्याहून जास्त सेवा-नोंदी सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. प्रशियन सैन्याचं पॉट्सडॅमचं दप्तर एप्रिल १९४५ मध्ये गेलं. ज्याची नोंद जळाली त्याच्याबद्दल तुमच्या हातातला कोट हा उरलेल्या मोजक्या कागदांपैकी एक आहे, असं समजूनच त्याला हात लावा.

१८. भारतीय पलटणींच्या जुन्या गणवेशांना हेच नियम लागू होतात का?

जपणुकीचे होतात, ओळखण्याचे पूर्ण नाही. स्किनर्स हॉर्स ही घोडदळाची पलटण १८०३ साली उभी राहिली आणि तिचा पिवळा रंग तिची ओळख झाली. बंगालच्या घोडदळाचा पोशाख म्हणजे लांब कुर्ता, कमरबंद, 'कुल्ला' नावाच्या टोकदार टोपीभोवती बांधलेला फेटा. इथे इंग्रजी शिवणकामाचे निकष लावून 'ढगळ शिवण, म्हणजे नकली' म्हणू नका, कुर्ता ढगळच असतो. खाकी हा रंग १८४० च्या दशकात पेशावरला उभारलेल्या कोअर ऑफ गाइड्स या तुकडीने पहिल्यांदा गणवेशात आणला. नावही इथलंच, खाक म्हणजे माती. पायाला गुंडाळायच्या 'पुटीज'ही आपल्या पट्टीपासूनच.

फेट्याची अडचण वेगळी. तो सुटला की पुन्हा तसाच बांधता येत नाही. बांधलेला मिळाला असेल तर सोडू नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, आत आधार भरा, तसाच ठेवा.

१९. एकच एपॉलेट (खांद्यावर लावायची झालरीची पट्टी) मिळालं आहे, जोडी नाही. घ्यावं का?

घ्या. ब्रिटिश थलसेनेतून एपॉलेट १८५५ साली गेलं, त्यामुळे सैन्यातलं असेल तर वय आपोआप ठरतं. नौदलात मात्र ते दुसऱ्या महायुद्धापर्यंत होतं, म्हणून नांगराचं चिन्ह आहे का ते आधी बघा. जोडी जमवायला दुसरं शोधू नका.

२०. खिशात काहीतरी सापडलं. काढू का?

लगेच नाही. आधी खिशाचा, मग वस्तूचा जागेवर फोटो काढा. घडी घातलेला कागद कोरडा असताना उलगडू नका, घडीवर तुटतो. तंबाखूचा चुरा, धूळसुद्धा छोट्या पाकिटात ठेवा. पाकिटावर कोटाचाच नोंद क्रमांक लिहा आणि कोणता खिसा तेही.

एका मेस जॅकेटच्या घड्याळाच्या खिशात मला बोटाच्या पेराएवढी पेन्सिल सापडली होती, टोकाला रेशमी दोऱ्याचा तुकडा. नाचाच्या मेजवानीत कोणाबरोबर कोणता नाच ठरला हे लिहायचं कार्ड मिळे, त्याला अशी पेन्सिल बांधलेली असायची. कार्ड नव्हतं. पेन्सिलीचं शिसं एका बाजूने झिजलेलं आहे. ती आता जॅकेटच्या खोक्यातच आहे, जॅकेटच्या क्रमांकापुढे 'अ' लावून.